मदत हवी आहे: मैदानातली झाडं काढली की सुरक्षित वाटेल, हे खरंय का?

मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या वसाहतीमागे मोकळं मैदान आहे, कडेनं मोठी झाडं आणि मध्ये माजलेली झुडपं. अंधार पडला की टोळकी बसतात, बायका-मुली लांबच्या रस्त्यानं जातात, हे सगळं खरंय. पण कमिटीचा उपाय काय, तर सगळं सपाट करा, फरशी टाका आणि चार फ्लडलाइट लावा. मग दुपारी सावलीत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठं?

थोडं शोधलं तर उलटंच दिसतंय. कुओ आणि सलिव्हन या संशोधकांनी शिकागोतल्या एकाच वस्तीतल्या 98 इमारतींचं पोलिस रेकॉर्ड तपासलं (2001), जिथं झाडं-गवत जास्त तिथं गुन्हे जवळपास निम्मे निघाले, अर्थात झाडांमुळेच कमी झाले असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. फिलाडेल्फियात मात्र चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे पडीक प्लॉट निवडले, काही साफ करून गवत-झाडं लावली, काही तसेच ठेवले, आणि 2018 च्या पेपरांनुसार गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार 29 टक्क्यांनी घटला, शेजारपाजारच्या लोकांचं उदास वाटणंही कमी झालं.

गोची अशी की पोर्टलंडचा 2012 चा अभ्यासही सापडला. मोठी झाडं असली की गुन्हे कमी, पण घरासमोर नजर अडवणारी बुटकी झाडं असली की जास्त. मीटिंगमध्ये हे काढलं तर समोरचे अर्धंच उचलणार. तर नेमकं काय ठेवू, काय काढू आणि दिव्यांचं काय सांगू?

प्रतिसाद: अहो, पोर्टलंडचंच आधी सांगा, तोच तुमचा हुकमी एक्का आहे! भांडण झाडांशी नाहीये, आडोशाशी आहे. झुडपं तीन फुटांच्या आत ठेवा, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या सहा-सात फुटांपर्यंत छाटा, म्हणजे वाटेवरून मैदान आरपार दिसतं आणि सावलीही राहते. फ्लडलाइटला विरोधच करा, डोळे दिपतात आणि उजेड संपतो तिथला काळोख आणखी दाट वाटतो. त्यापेक्षा पायवाटेवर सलग, बेताचा उजेड बरा. आणि बाकं दिसतील अशी मांडा, कोपऱ्यात नको. माणसांचा वावर असला की टोळक्यांना आपोआप अवघडल्यासारखं होतं, शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज 1961 पासून हेच सांगत होत्या. फिलाडेल्फियातही नुसतं लावून सोडलं नव्हतं बरं का, नियमित गवत कापत होते.

धागाकर्ता: आभार! छाटणीचं पटेल लोकांना. पण ते नियमित कापणं कोण करणार यावरच आमची गाडी अडते, पहिल्या महिन्यात सगळे हौशी आणि नंतर कोणी फिरकत नाही. ठरावात ही जबाबदारी कशी लिहायची, कोणाकडे तयार मसुदा आहे का? रविवारी मीटिंग आहे.