सिगरेट सोडायला व्हेप (ई-सिगरेट) घ्यावं का? नवऱ्यासाठी विचारतेय

कोथरूडची_मी: नवरा रोज पाकीटभर ओढतो, सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी पहिली. आता म्हणतो व्हेपवर जातो मग तेही सोडतो, ऑफिसमधला एकजण दुबईहून आणून देणारे. निकोटिन गम करून बघितला पण त्याला उचक्या लागतात, घशात जळजळतं, म्हणून टाकून दिला. कुणाला अनुभव आहे का? खरंच काळजी वाटतेय, त्याच्या वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसांचा, श्वास घ्यायला त्रास देणारा जुनाट आजार) होता.

स्लाउकर: मी व्हेपनेच सोडली, पण मी इंग्लंडमध्ये राहतो हे आधी सांगतो. इथे एनएचएसवाले (सरकारी आरोग्यसेवा) स्वतःच सुचवतात, लिक्विडमध्ये निकोटिन 20 मिग्रॅ प्रति मिलीच्या वर नसतं, आणि स्टॉप स्मोकिंगवाली बाई दर आठवड्याला फोन करून विचारायची. 2019 मध्ये इथे एक मोठा अभ्यास आला होता, वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगरेटपासून लांब होते आणि गम किंवा पॅच (अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी) वाल्यांपैकी 9.9. पण त्यातली पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत, ज्यांची सुटली त्यातले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. माझंही व्हेप सुटायला सिगरेटपेक्षा जास्त वेळ लागला कारण ते घरात, गादीवर, कुठेही ओढता येतं. आणि दोन्ही चालू ठेवलं तर काही उपयोग नाही, सिगरेट पूर्ण बंद व्हायला हवी.

ठाणेकर_७७: ताई, भारतात 2019 पासून ई-सिगरेटवर बंदी आहे. विकणं, आयात करणं सगळं गुन्हा, पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुबईहून आणणं म्हणजे आयातच झाली ना. आणि चोरून येणाऱ्या मालात किती निकोटिन आहे कोण तपासणार? स्लाउकरांना जे मिळालं ते इथे मिळणारच नाही.

गमचं सांगतो, बहुतेक तो च्युइंगगमसारखा चघळत असणार. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि जळजळ होणारच. चार-पाचदा हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. आणि उठल्यावर अर्ध्या तासात ज्याला सिगरेट लागते त्याला 2 मिग्रॅ पुरत नाही, 4 लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. जोडीला पॅच, 21 मिग्रॅपासून सुरू करून 14, मग 7. माझी अशीच सुटली, टपरीवर जाणं मात्र बंद करावं लागलं, तिथे मित्राच्या हातात सिगरेट दिसली की तलफ यायचीच.

सिगरेटच्या पाकिटावर 1800 11 2356 छापलेलं असतं, टोल फ्री आहे, त्याला स्वतःला फोन करू दे. माझ्याशी मराठीत बोलले, सोडायची तारीख ठरवून घेतली आणि नंतर त्यांनीच फोन केले.

कोथरूडची_मी: मेडिकलवाल्याने गम नुसता हातात दिला हो, कसा खायचा काहीच सांगितलं नाही!! व्हेपला नाही सांगते त्याला. पण त्याला बीपीची गोळी चालू आहे, पॅच चालेल?

ठाणेकर_७७: बऱ्याच जणांना चालतो, पण बीपी असेल तर स्वतःच्या मनाने लावू नका. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, सकाळची पहिली सिगरेट कधी लागते तेही सांगा, डोस त्यावरूनच ठरवतात.