फिनिक्सच्या उपनगरात घर घ्यावं का? अवाटूकी / चँडलर / क्वीन क्रीक

मेघना_जर्सीवाली

नमस्कार मंडळी, नवऱ्याला चँडलरमध्ये जॉब मिळालाय, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, जानेवारीत शिफ्ट व्हायचंय. नोव्हेंबरात घरं बघून आलो तेव्हा हवा इतकी भारी होती की परत निघावंसंच वाटेना. तीन ठिकाणं डोक्यात आहेत. अवाटूकी, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, घरं जुनी पण झाडं मोठाली. चँडलर, ऑफिस जवळ आणि आपली लोकं भरपूर. आणि क्वीन क्रीक, नवीकोरी घरं, त्याच पैशात एक बेडरूम जास्त. पण नोव्हेंबरात सगळंच छान दिसणार हे कळतंय, म्हणून विचारते की जुलैमध्ये तिथे माणूस राहतो कसा? मुलगी सात वर्षांची, तिला धुळीचा त्रास आहे, शिंका सुरू झाल्या की थांबतच नाहीत. सासूसासरे दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबर येतात. सासऱ्यांची एकच अट, घर पूर्वाभिमुख हवं. पाण्याबद्दलही काहीबाही ऐकलंय. एजंट सगळ्यालाच हो म्हणतो, तुम्ही खरं सांगा.

वाळवंटी_सातारकर

सगळ्यात आधी सासूसासऱ्यांची तिकिटं बदला, ऑक्टोबर ते मार्च बोलवा. एप्रिल-मे एकवेळ चालेल, पुढे ते बिचारे घरात कोंडून बसतील, कारण इथे पायी जाऊन भाजी आणता येत नाही आणि गाडी चालवत नसतील तर दिवसभर टीव्ही.

आता उन्हाळा. २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला किंवा वर गेला, म्हणजे आपले ४३ सेल्सियस. २०२४ मध्ये १०० च्या वरचे सलग ११३ दिवस झाले. नागपूरचा माणूस म्हणेल ४५ चं काय कौतुक, पण तिथे जूनमध्ये पाऊस आला की सुटका होते, इथे जुलै हाच कळस. आणि मी तर म्हणतो दिवसाचा आकडा सोडा, रात्रीचा बघा. १९ जुलै २०२३ ला रात्रीचं किमान तापमान ९७ होतं, किमान बरं का, म्हणजे ३६ सेल्सियस. कुंपणाच्या भिंती आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत बसतात, आणि थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणीच येतं.

मग लोक राहतात कसे, तर दिवस उलटा करून. अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत (नावाहो लोकांचा भाग सोडून) त्यामुळे जूनमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य वर येतो, फिरणं, कुत्रा, सायकल सगळं साडेसहापर्यंत उरकायचं. मग थेट रात्री आठनंतर बाहेर. मधला वेळ एसीत. त्याबदल्यात ऑक्टोबर ते एप्रिल अंगणातच राहायचं.

पूर्वाभिमुखचं मात्र नीट ऐका. इथल्या घरांना पुढे गॅरेज आणि एखादी खिडकी, मोठ्या काचा आणि सरकता दरवाजा मागे, जिथे फॅमिली रूम असते. तोंड पूर्वेला म्हणजे पाठ पश्चिमेला. दुपारी तीनपासून साडेसातपर्यंत ऊन सरळ सोफ्यावर. आणि एपीएस या वीज कंपनीच्या वेळेनुसार दराच्या प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ४ ते ७ वीज महाग, म्हणजे नेमका तोच वेळ. पॅटिओ, स्विमिंग पूल, झोपाळा, जे बघून घर आवडलं ते सगळं चार महिने बाद. म्हणून इथली जुनी लोकं उत्तर-दक्षिण घर शोधतात, लिस्टिंगमध्ये मुद्दाम 'एन-एस एक्स्पोजर' लिहिलेलं असतं. कुठल्या गावात घ्यावं यापेक्षा मी हे आधी बघेन.

अनुजा_डोंगराखाली

अवाटूकीत राहते त्यामुळे थोडी बायस्ड आहे. हा फिनिक्स शहराचाच भाग, उत्तरेला साऊथ माउंटन पार्क, जवळपास १६,००० एकर, त्यामुळे त्या बाजूला कधी बिल्डर येणार नाही. पूर्वी बाहेर पडायचे रस्ते मोजकेच, म्हणून लोक याला जगातली सगळ्यात मोठी बंद गल्ली म्हणायचे, २०१९ च्या डिसेंबरात २०२ चा नवीन हायवे झाल्यावर पश्चिमेला जाणं सोपं झालं, पण हायवेला लागून असलेल्या घरांना आवाज आला, तिथे रात्री जाऊन उभं राहा आणि ऐका.

जुन्या घरात दोन गोष्टी तपासा, एसी किती वर्षांचा आणि छप्पर. कौलं टिकतात हो, पण कौलाखालचा कागद उन्हाने कडक होऊन फाटतो आणि पहिल्या जोरदार पावसात कळतं. तो बदलायचा खर्च विक्रेत्याकडून वळता करून घ्या.

विंचू. डोंगराजवळ जास्त. यूव्ही टॉर्च घ्या आणि घर पक्कं करण्याआधी एकदा अंधारात मागच्या भिंतीवर फिरवा, असले तर हिरवे चमकतात, लपत नाहीत. इथला बार्क स्कॉर्पियन भिंतीवर चढतो आणि छोट्याशा फटीतून आत येतो. मोठ्या माणसाला वेदना आणि मुंग्या, लहान मुलांना त्रास जास्त होऊ शकतो, लगेच डॉक्टर गाठायचा. दाराखालच्या रबरी पट्ट्या आणि प्लंबिंगची भोकं बंद केली की बराच फरक पडतो. घाबरवत नाहीये, सवय होते.

मुलीच्या धुळीचं म्हणाल तर मला क्वीन क्रीकची जास्त काळजी वाटते. शेतं मोडून बांधकाम चालूच आहे, आणि जुलै-ऑगस्टच्या मान्सूनमध्ये धुळीची भिंत येते, हबूब म्हणतात, दहा मिनिटांत समोरचं घर दिसेनासं होतं. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो, अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या केसेस अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात नोंदवल्या जातात. बहुतेकांना काहीच होत नाही किंवा फ्लूसारखं होतं, माणसाकडून माणसाला लागत नाही. पण खोकला दोन-तीन आठवडे राहिला तर डॉक्टरला स्वतःहून ही टेस्ट सांगा.

टँकर_नको_रे

पाण्याचं घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. १९८० च्या भूजल कायद्याखाली इथे नवीन प्लॉट पाडायचे तर १०० वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. जून २०२३ मध्ये राज्याच्या जलखात्याने सांगितलं की फिनिक्स परिसरातलं भूजल १०० वर्षांच्या मागणीला सुमारे ४ टक्के कमी पडणार, आणि फक्त भूजलाच्या भरवशावरच्या नवीन मंजुऱ्या थांबवल्या. फटका क्वीन क्रीक आणि बकाय सारख्या कडेच्या गावांना. आधी मंजूर झालेल्या वसाहती त्यात येत नाहीत. फिनिक्स आणि चँडलरला सॉल्ट नदीचं आणि कोलोरॅडोचं पाणी मिळतं, कोलोरॅडोचं ३३६ मैलांच्या कालव्यातून येतं आणि तिथेही २०२२ पासून कपात चालू झाली, पण निदान दोन नद्यांचा आधार आहे.

स्कॉट्सडेलच्या शेजारी रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे, तिथली कित्येक घरं टँकरवर. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने ते पाणी बंद केलं. महागडी घरं, आणि लोक पावसाचं पाणी बादल्यांत धरून फ्लशला वापरत होते. टँकर म्हटल्यावर आपल्या लोकांना वेगळं काय सांगायचं! तेव्हा क्वीन क्रीकचंच घर आवडलं तर एजंटकडून पाणी कोण देतं आणि मंजुरी कधीची आहे हे लेखी मागा, तोंडी नको. आणि पाणी जड आहे, म्हणजे क्षारांचं, सॉफ्टनर लागणारच.

विदर्भकन्या

एक मुद्दा कोणीच काढला नाही. चँडलरच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धातच उघडतात! ऐन भट्टीत. भारतात जायचं तर मेअखेर ते जुलै मध्य, त्यातच बसवा. त्याबदल्यात ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये दोन-दोन आठवडे सुट्टी. आम्ही चार वर्षांनी सोडलं ते उन्हामुळे नाही, मुलं जून-जुलै पूर्ण स्क्रीनवर असायची म्हणून. तुमची मुलगी पोहण्यात रमणारी असेल तर वेगळं.

मेघना_जर्सीवाली

बापरे, पूर्व-पश्चिमचं डोक्यातही आलं नव्हतं, आम्ही शॉर्टलिस्ट केलेल्या पाचपैकी चार घरांची पाठ पश्चिमेला आहे 😐 सासऱ्यांशी आता यांनाच बोलायला लावते. क्वीन क्रीक बहुतेक बाद. पण आधी चँडलरमध्ये भाड्याने राहावं का? सामान दोनदा हलवायचा कंटाळा येतोय.

वाळवंटी_सातारकर

राहा भाड्याने. आणि लीज डिसेंबरपर्यंत नको, सप्टेंबरअखेर संपेल असं मागा, म्हणजे उन्हाळा आणि मान्सून दोन्ही बघून होतात आणि ऑक्टोबरात घरं बघत फिरता येतं. जुलैमध्ये आवडलेल्या घराचं ओपन हाऊस असेल तर सकाळी जाऊ नका, संध्याकाळी पाचला जा आणि मागच्या काचेला हात लावून बघा.