जूनची सहल: बो स्ट्रीटचं पोलीस संग्रहालय आणि जुनं कोर्ट

मंडळी, सप्रेम नमस्कार.

यंदाची सहल समुद्रकिनारी नाही. रविवारी सकाळी आपण कव्हेंट गार्डनला बो स्ट्रीटचं पोलीस म्युझियम बघायला जाणार आहोत. रॉयल ऑपेरा हाऊसच्या अगदी समोरची ती भारदस्त दगडी इमारत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. १८८१ साली ती बांधून झाली. आत पोलीस ठाणंही होतं आणि मॅजिस्ट्रेटचं कोर्टही. ठाणं १९९२ मध्ये बंद झालं, कोर्ट १४ जुलै २००६ ला. आता बराचसा भाग हॉटेलकडे गेला आहे, पण जुन्या कोठड्यांच्या बाजूला २०२१ पासून हे छोटं संग्रहालय सुरू आहे.

बो स्ट्रीटवरचं कोर्ट मात्र या इमारतीहून खूप जुनं, १७४० पासूनचं. कादंबरीकार हेन्री फील्डिंग तिथे मॅजिस्ट्रेट होते. लंडनमध्ये तेव्हा पगारी पोलीसदलच नव्हतं, म्हणून १७४९ मध्ये त्यांनी मोजकी माणसं हाताशी धरून चोर पकडायला सुरुवात केली. तेच पुढे ‘बो स्ट्रीट रनर्स’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्यामागून आलेले सावत्र भाऊ जॉन फील्डिंग अंध होते. नुसत्या आवाजावरून ते शेकडो गुन्हेगार ओळखत, असं सांगतात. मुलांना ही गोष्ट नक्की आवडेल.

पण मी ही जागा सुचवली ती १९१० सालासाठी. याच कोर्टात सावरकरांचा खटला चालला. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांनी ते ठिकाण डोळ्यांनी पाहावं असं फार दिवस मनात होतं.

जागा लहान आहे, तेव्हा तिकिटं आधी काढावी लागतील. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.

आपली,
सहल समितीची ताई

---

ताई, आम्ही चौघं नक्की. दोन प्रश्न आहेत. धाकटा सात वर्षांचा आहे, कोठड्या बघून घाबरणार तर नाही ना? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. कव्हेंट गार्डन स्टेशनात जिने फार आहेत असं ऐकलं.

स्लावहून, दोन मुलांची आई

---

जिन्याच्या वाटेला मुळीच जाऊ नका, १९३ पायऱ्या आहेत! लिफ्ट आहे, पण रविवारी तिथे रांग लागते. काकूंना घेऊन बसने ऑल्डविचला उतरा, तिथून पाच मिनिटं सपाट रस्ता आहे. धाकट्याची काळजी नको, भीतीदायक काही नाही. बेड्या, दंडुके, जुने गणवेश आहेत. एक मोठी कोठडी आहे, तिला ‘टँक’ म्हणत. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना रात्रभर एकत्र तिथे कोंडत.

ताई

---

ताई, सहलीचा बेत उत्तम आहे. मी आणि सौ. दोघंही येतो. पण पत्रातली एक गोष्ट मुलांना सांगण्याआधी दुरुस्त करायला हवी. मी इथे तीस वर्षं सॉलिसिटर म्हणून काम केलं, त्यामुळे राहवत नाही.

बो स्ट्रीटला सावरकरांचा खटला चालला नाही. १३ मार्च १९१० ला ते पॅरिसहून परतले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. मग त्यांना बो स्ट्रीटला उभं केलं. तिथे ठरवायचं होतं ते एवढंच, की या माणसाला हिंदुस्थानात पाठवायचं की नाही. १२ मे रोजी मॅजिस्ट्रेटनी पाठवायचा हुकूम दिला. वरच्या कोर्टांतली अपिलं फेटाळली गेली आणि १ जुलैला त्यांना ‘मोरिया’ बोटीवर चढवलं. मार्सेलची उडी त्यानंतर आठवड्याने, ८ जुलैला. खरा खटला चालला तो आपल्या मुंबईत, खास न्यायाधिकरणापुढे. तिथे ज्युरी नव्हती, अपील नव्हतं. दोन जन्मठेपा, मिळून ५० वर्षं.

हा फरक मी कीस काढायला सांगत नाही. सगळं मर्म तिथेच आहे. परक्या देशाचा माणूस इथे पकडला गेला असता तर त्याच्यासाठी १८७० चा कायदा होता. ‘माझा गुन्हा राजकीय आहे’ असं म्हणून त्याला हद्दपारी अडवता येत होती. सावरकर मात्र साम्राज्याचे प्रजाजन! त्यांना लागू झाला १८८१ चा ‘फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स ॲक्ट’, म्हणजे फरारी गुन्हेगारांचा कायदा. त्यात राजकीय गुन्ह्याला अशी सूटच नव्हती. गुन्हा घडला असावा असा सबळ संशय मॅजिस्ट्रेटला वाटला की झालं. म्हणजे फ्रेंच किंवा रशियन क्रांतिकारकाला लंडनमध्ये जे संरक्षण होतं, ते नाशिकच्या माणसाला नव्हतं. हे मला विद्यार्थी असताना कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

आणखी एक. संग्रहालयात आरोपीचा जुना कठडा मांडला आहे. ‘इथेच सावरकर उभे होते’ असं तेवढं म्हणू नका. इमारत तीच, हे पुरेसं आहे.

क्रॉयडनचे काका

---

काका, चूक माझीच. किती वर्षं मी मुलांना चुकीचं सांगत आले! कोठड्यांजवळ उभं राहून हे तुम्हीच सांगायचं.

ताई

---

मंडळी,

काल एकतीस जण आलो होतो. दोन गट करून आत गेलो, कारण सगळे एकदम मावत नव्हतो.

तिथे मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांची गोष्टही कळली, आणि ती मला आधी ठाऊक नव्हती. ऑक्टोबर १९०८ मध्ये एमेलिन पँखर्स्ट आणि त्यांची मुलगी क्रिस्टाबेल याच कोर्टात आरोपी होत्या. क्रिस्टाबेल कायदा शिकलेली, पण बाई म्हणून वकिली करायला बंदी. तिने आरोपीच्या जागेवरून लॉइड जॉर्जसारख्या मंत्र्याची उलटतपासणी घेतली. आमची कॉलेजात जाणारी मुलगी तिथून हलेना. काका शेजारीच होते. ते म्हणाले, “सावरकरही ग्रेज इनमध्ये कायदा शिकले आणि त्यांनाही बॅरिस्टरीची सनद दिली नाही. इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे ते.”

मग काकांनी कोठडीच्या दाराशी सगळी हकीकत सांगितली. मुलं अगदी शांत होती. स्लावच्या थोरल्याने इंग्रजीत विचारलं, “पण ते तर पॅरिसहून स्वतःहून परत आले होते. मग त्यांना फ्युजिटिव्ह का म्हटलं?” काका क्षणभर थांबले. मग त्याला मराठीतच म्हणाले, “बाळा, बरोबर विचारलंस. कायद्याला पळून जाणं लागतच नव्हतं. गुन्ह्याचा आरोप एका मुलखातला आणि माणूस दुसऱ्या मुलखात सापडला, एवढं पुरे होतं. ते १९०६ साली शिकायला म्हणून बोटीने उघडपणे आले होते.” मुलाचं समाधान झालं नाही, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला फार बरं वाटलं.

धाकटा घाबरला नाही. ‘टँक’मधून बाहेर यायलाच तयार नव्हता.

नंतर एम्बँकमेंटच्या बागेत डबे उघडले. दशम्या, लसणीची चटणी आणि काकूंच्या सुरळीच्या वड्या पाच मिनिटांत संपल्या. एक स्टीलचं झाकण माझ्याकडे राहिलंय. आतल्या बाजूला ‘पुणे’ कोरलेलं आहे, ज्यांचं असेल त्यांनी कळवा.

थोरल्या मुलांनी पुढची जागाही ठरवून टाकली आहे: हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे इंडिया हाऊस, हिंदी विद्यार्थ्यांचं तेव्हाचं वसतिगृह. भिंतीवर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. घर खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघायचं, आवाज न करता. सप्टेंबरचा दुसरा रविवार चालेल का?

ताई

---

झाकण आमचं. सप्टेंबरला आम्ही चौघं.

स्लावहून