गणपतराव देशमुखांचा वारसा कशावरून जोखायचा?

(चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं मजकुराच्या वर दिली आहेत.)

माणकाठ

३० जुलै २०२१ला गणपतराव, म्हणजे आबासाहेब, गेले, तेव्हा सगळीकडे एकच आकडा फिरला: सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून अकरा वेळा आमदार. पहिला विजय १९६२चा, शेवटचा २०१४चा, मध्ये १९७२ आणि १९९५ला पराभव. पंच्याण्णवचा तर १९२ मतांनी. पक्ष शेवटपर्यंत एकच, शेतकरी कामगार पक्ष. पण निवडून येणं हा वारसा नव्हे. माझ्या मते आबासाहेबांचं खरं काम म्हणजे सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी.

तालुक्यात कापूस नाही, हवा कोरडी. रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या यंत्रावर) आर्द्रता पंचावन्न-साठ टक्क्यांच्या खाली गेली की धागा तटातट तुटतो, मग सांधणाऱ्या हातांना उसंत नाही. म्हणजे हवेत ओलावा राखण्याचा खर्च आला, तोही दुष्काळी भागात. कापसाच्या गाठी बाहेरून आणायच्या, एक गाठ १७० किलोची. शंभर किलो रुईतून (सरकी काढलेल्या कापसातून) साधारण पंच्याऐंशी किलो सूत निघतं. निम्म्याहून जास्त खर्च एकट्या कापसाचा.

सहकारी गिरण्या बहुतेक दोन ठिकाणी बुडतात. पहिलं ठिकाण गाठींची खरेदी. आवक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोरात असते. तेव्हा खेळतं भांडवल हातात नसलं तर जूनमध्ये चढ्या भावानं माल उचलावा लागतो आणि तोवर सुताचा भाव उतरलेला असू शकतो. दुसरं ठिकाण नोकरभरती: कार्यकर्त्यांची पोरं भरायची, चात्यांच्या (सूत कातणाऱ्या टाकळ्यांच्या) मानानं माणसं दुप्पट. राज्यात कित्येक गिरण्या अशाच अवसायनात, म्हणजे गुंडाळण्याच्या वाटेला गेल्या. सांगोल्याची चालत राहिली.

कोरडवाहू

गिरणीबद्दल आदर आहेच. पण सहकारी सूतगिरणीच्या भांडवलाचा राज्यातला नंतरचा ढाचा बघा: सभासदांचे ५ टक्के, सरकारचे ४५, कर्ज ५०. एवढा सरकारी पैसा असताना ‘गिरणी चालवली’ हे कौतुक जरा जपून करावं. आणि गिरणीनं पोटं भरली ती काही घरांची. तालुका शेतीवर जगतो, शेती पाण्यावर. पन्नासहून अधिक वर्षं आमदारकी, आणि उन्हाळ्यात गावोगाव टँकर. वारसा पाण्यात मोजला तर हिशोब कडू निघतो.

कपातसूचना

कोरडवाहू, विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात काय असतं ते आधी मांडा. १९७८ आणि १९९९ची मंत्रिपदं सोडली तर त्यांची जवळपास सगळी कारकीर्द विरोधात गेली. विरोधकाची साधनं म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (रक्कम कमी करा असा प्रस्ताव). निधी यातून थेट येत नाही. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, ते कामकाजात छापलं जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर हातात धरून ‘काम कुठवर आलं’ हे विचारता येतं. पण त्यासाठी तोच माणूस पुन्हा निवडून यावा लागतो. एका मुदतीच्या आमदाराला हा पाठपुरावा जमत नाही, म्हणून अकरा हा आकडा निरर्थक नाही.

शिवाय सभागृहाबाहेरचं काम विसरू नका. १९९३पासून आटपाडीची पाणी परिषद, पुढाकार नागनाथअण्णा नायकवडींचा, तेरा दुष्काळी तालुके आणि पाण्याच्या समन्यायी (सगळ्यांना न्याय्य वाटा देणाऱ्या) वाटपाची मागणी. त्यात आबासाहेब पहिल्या फळीत होते.

कोरडवाहू

मान्य. पण परिषदेनंतर काय झालं? कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादानं दिलेलं पाणी मे २०००पर्यंत अडवायचं म्हणून १९९६ला कृष्णा खोरे महामंडळ आलं, कर्जरोखे काढले, आणि एकाच वेळी डझनावारी योजनांचे नारळ फुटले. पैसा सगळीकडे थोडा थोडा. पुढं अनुशेषाच्या (मागास भागांना आधी निधी देण्याच्या) निर्देशांनी पश्चिम महाराष्ट्राच्या खर्चाला चाप बसला. टेंभू योजना मुळात २२ टीएमसीची (अब्ज घनफुटांची), लाभक्षेत्र ८० हजार हेक्टरांवर, कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी पाच टप्प्यांत उचलायचं. सांगोला शेपटाला. वरचे टप्पे पुरे झाल्याशिवाय शेपटाला थेंब नाही. एवढा अनुभवी नेता असताना ‘आधी शेपूट, मग डोकं’ असा क्रम मागितला गेला नाही, ही माझी खरी तक्रार.

कपातसूचना

उपसा योजनेत तो क्रम शक्यच नाही. पहिला पंप चालल्याशिवाय पाचव्याला पाणी कुठून मिळणार? मागता येतं ते एवढंच, की वरच्यांच्या पाळीत कपात करून खालच्यांची पाळी आधी ठरवा. आणि समन्यायी वाटपाची मागणी याहून वेगळी नव्हती.

पंपांच्या वीजबिलाचंही तसंच. पाणीपट्टी थकली की पंप बंद, आणि बंद व्हायचे नेमके उन्हाळ्यात. आता बिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असा वाटा आहे, म्हणून आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) तरी होतात. पाणी परिषदेच्या दीर्घ रेट्याशिवाय हे झालं नसतं.

आंबेबहार

दोघेही डाळिंब विसरलात! १९९०पासून रोजगार हमीतून फळबाग आली आणि सांगोल्याचं हलकं, मुरमाड रान कामाला लागलं. लागवड साडेचार बाय तीन मीटरवर, हेक्टरी ७४० झाडं, ठिबक, शेततळं. कालव्याची वाट न बघता पैसा आला.

पण त्याच बागांनी चूकही दाखवली. झाडांमधलं अंतर कमी केलं, ताण (पाणी तोडून झाडाला विश्रांती) पुरा न देता बहार धरले, एकाच बागेतून दरवर्षी फळ ओरबाडलं. आधी तेल्या (फळापानांवर तेलकट डाग पाडणारा रोग), मग मर (झाड वाळवणारा रोग), मग खोडभुंगेरा हा खोड पोखरणारा किडा. खोडावर टाचणीएवढी भोकं आणि खाली बारीक भुसा दिसला की झाड आतून गेलेलं असतं. दोन-तीन हंगामांत उभ्या बागा उपटल्या. नेतृत्वानं बाग लावण्याचं अनुदान मिळवून दिलं, पण गावपातळीवर रोपांची तपासणी आणि रोगाची सामुदायिक फवारणी यांची घडी बसली नाही. एकट्यानं फवारून उपयोग नसतो, शेजारच्या बागेतून तेल्या पुन्हा येतोच.

बांधावरून

माझा आक्षेप वेगळा. २०१९ला ते वयामुळे थांबले. नातू उभे राहिले, ७६८ मतांनी पडले. २०२४ला दुसरे नातू निवडून आले. दोन्ही वेळा उमेदवार घरचाच. ज्या पक्षानं घराणेशाहीवर आयुष्यभर टीका केली, त्यात साठ वर्षांत तालुक्याला दुसरा चेहरा का मिळाला नाही? साधेपणाच्या, एसटीच्या प्रवासाच्या आठवणी सांगून या प्रश्नाला बगल देऊ नये.

माणकाठ

बांधावरून, याला माझ्याकडे उत्तर नाही. आक्षेप खरा आहे.

कोरडवाहू, पाण्यावर मात्र एक बघा. टेंभूचं पाणी माण नदीत सोडलं की कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरतात. तिथं बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) दोन ओळींत बसवून मध्ये माती ठासावी लागते, नाहीतर फटींतून आठवड्यात डोह रिकामा. बरगे चोरीला जातात, वाकतात, पावसाळ्याआधी काढले नाहीत तर पुरात वाहून जातात. पाणी आणायला इतकी वर्षं गेली आणि ते अडवायचं कुणी, हे अजून प्रत्येक बंधाऱ्यावर ठरलेलं नाही. पाणीवापर संस्था कागदावर आहेत. त्या चालवायला गिरणीसारखीच रोजची शिस्त लागेल. गिरणीचा हिशोब ठेवणारी माणसं तालुक्यात आहेत, त्यातली दोन-चार तरी बंधाऱ्यावर बसवा.

कोरडवाहू

हे पटलं. पण बरगे ऑक्टोबरात बसले पाहिजेत, डिसेंबरात नव्हे. तोवर नदीचं उरलंसुरलं पाणी निघून गेलेलं असतं.