मुलांना चित्रप्रदर्शनाला न्यावं का? (नाशिक)

इंदिरानगरची आई
मुलगी सहा वर्षांची, मुलगा दहाचा. रविवारी कुसुमाग्रज स्मारकात चित्रप्रदर्शन बघायला न्यायचा विचार आहे. कंटाळतील का?

गोदाकाठ
जरूर न्या, ताई. सगळी चित्रं बघायचा आग्रह मात्र धरू नका. मी चित्रकला शिकवतो. मुलांना एकच चित्र निवडायला लावतो आणि त्यासमोर बसवतो. ऊन कुठून येतंय, सावली काळी आहे की निळी, एवढंच विचारायचं. शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रं कुठे बघायला मिळाली तर अजिबात सोडू नका, रोजचा घाट मुलांना नव्याने दिसतो. मग वही घेऊन थेट रामकुंडावर. सकाळी, ऊन तिरपं असतानाच.

पेठरोड
घरी वारली करून बघा. खाकी कागदावर गेरूचा हात, तांदळाच्या पिठीत पाणी आणि थोडा डिंक, बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा. जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही मुलांना सांगा.

इंदिरानगरची आई
गेरू आहेच, कुंड्यांसाठी आणलेला. डिंक बाभळीचा चालेल?

पेठरोड
चालेल. रात्री भिजत घाला.