ईएसआयचा बेकारी भत्ता: चपला झिजवण्यात अर्थ आहे का?

गिअरबॉक्स:
माझं मत आधीच सांगतो, नाही. पार्ट्सच्या कंपनीत सव्वाचार वर्षं होतो, पगार 18 हजार. मार्चमध्ये ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आमच्या लाइनवरच्या अकरा जणांना केबिनमध्ये बोलावलं, राजीनामे टाइप करून तयारच होते, खाली फक्त सही मारायची, "सही केली की आठ दिवसांत हिशोब" म्हणाले. मारली. मग कळलं ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेलं की काही दिवस पैसे मिळतात. ऑनलाइन क्लेम टाकला, प्रिंट, आधार, पासबुक सगळं ईएसआयच्या शाखेत नेऊन दिलं. आधी जन्मतारीख जुळेना (कार्ड काढताना कुणीतरी सगळ्यांचीच 1 जानेवारी टाकलेली, अख्खी लाइन एकाच दिवशी जन्मलेली), ती दुरुस्त केली, तिसऱ्या चकरेला कळलं क्लेम रिजेक्ट. का, तर कंपनीने सिस्टीममध्ये कारण टाकलंय 'लेफ्ट सर्व्हिस', म्हणजे स्वतःहून काम सोडलं. मग दर महिन्याला 135 रुपये कापत होते ते कशाला? नव्या पोरांनो, नादी लागू नका.

आकडेमोड:
सहमत. 2018 ला योजना आली तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के होते, म्हणजे तुझे 600 चे 150, गुणिले 90 दिवस, साडेतेरा हजार. लॉकडाऊनमध्ये 50 टक्के केले आणि पुढे मुदत वाढवत नेली, त्या हिशोबाने 27 हजार. पण आयुष्यात एकूण 90 दिवसच. एकदा वापरले की संपलं. मी तर म्हणतो ते मोठ्या संकटासाठी ठेवावं आणि सरळ दुसरं काम बघावं.

बावटेवाला:
मोठं संकट म्हणजे अजून काय यायचं बाकी आहे? घरभाडं थकलंय ते संकट नाही का. आणि हे उपकार नाहीत, याचे 135 जातात त्यावर कंपनीचे 585 जातात महिन्याला. शिवाय भत्ता चालू असेपर्यंत दवाखानाही चालू राहतो, घरात आजारी माणूस असलं की त्याची किंमत कळते.
गिअरबॉक्स, रिजेक्टचं कारण लेखी आहे का तुझ्याकडे?

गिअरबॉक्स:
नाही काका, पोर्टलवर नुसतं रिजेक्टेड, बाकी काउंटरवर तोंडी.

एचआर_मधली:
दुसरी बाजू पण ऐका. राजीनामा घेण्यात कधीकधी माणसाचंच भलं असतं, पुढच्या ठिकाणी व्हेरिफिकेशनला 'कामावरून कमी केलं' असं गेलं की फोनच येत नाही. आणि सही करताना कोणी हात धरला नव्हता. नियम स्पष्ट आहे, स्वतःहून सोडलं, गैरवर्तनावरून काढलं किंवा रिटायर झालात तर भत्ता नाही. रिट्रेंचमेंट, म्हणजे कंपनीनेच कामावरून कमी केलं असं दाखवायचं तर नोटीस, वर्षाला 15 दिवसांचा पगार भरपाई, सगळंच आलं, छोट्या कंपनीला ते झेपत नाही.

बावटेवाला:
ताई, आता खरं बोललात. चार वर्षांचे दोन महिन्यांचे पैसे वाचवायला अकरा जणांनी एकाच दिवशी "स्वतःहून" सोडलं होय? मी तीस वर्षं गेटवर काढलीत, असले राजीनामे पोत्याने बघितलेत.

थर्ड_शिफ्ट:
तुम्ही परमनंट तरी होता. आमचा ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो. काम सुटण्याआधी दोन वर्षं विमा पाहिजे, शिवाय एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जी सहामाही लगेच आधीची तिच्यात वर्गणी भरलेले 78 दिवस, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत अजून 78. ब्रेकमध्ये कुठून भरायचे? माझ्या स्लिपवर कपात दिसते, पोर्टलवर भरणाच नाही.

बावटेवाला:
तुझं वेगळं प्रकरण आहे. ठेकेदाराने बुडवलं तर मूळ कंपनी जबाबदार असते, स्लिपा सांभाळ, त्यासाठी एम्प्लॉइज इन्शुरन्स कोर्ट आहे.
गिअरबॉक्सने आधी शाखेला अर्ज द्यावा, नाकारल्याचं कारण लेखी द्या म्हणून. देत नसतील तर 10 रुपयांचा आरटीआय. मग रीजनल ऑफिसला तक्रार, महिन्यातून एकदा सुविधा समागम म्हणून तक्रारींचा मेळावा भरतो तिथे उभं राहून बोलायचं, आणि सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, टाकायचं, तिथे तक्रार गुंडाळली तर वर अपीलही करता येतं. पण पुरावा काय आहे तुझ्याकडे? नुसतं रडून कोणी ऐकत नाही.

गिअरबॉक्स:
आमच्या ग्रुपवर अकराही राजीनाम्यांचे फोटो आहेत. मजकूर सेम, तारीख सेम. आत्ता नीट बघितलं तर अकराच्या अकरांत 'वैयक्तिक कारणास्तव' ऐवजी 'वयैक्तिक' लिहिलंय. शिवाय सुपरवायझरचा आदल्या रात्रीचा मेसेज आहे, "ऑर्डर नाय, उद्या सगळे ऑफिसला या, मशीनवर जाऊ नका".

आकडेमोड:
हे आधी सांगायचंस की राव. तरी कंपनीशी वाकडं घेऊन याच पट्ट्यात दुसरं काम मिळेल का, याचा विचार कर.

एचआर_मधली:
'वयैक्तिक' 🤦‍♀️ यावर मी काही बोलत नाही. कारण बदलायची विनंती आधी कंपनीलाच लेखी द्या, एकेकट्याने नको, अकरा जणांच्या सह्यांनी.

गिअरबॉक्स:
सात जण तयार आहेत, चौघांना नवीन काम लागलंय ते घाबरतात. उद्या गेटवर जाऊन देतो. पोच दिली नाही तर?

बावटेवाला:
देणारच नाहीत. तिथूनच पोस्टात जा, स्पीड पोस्ट कर आणि पावतीचा लगेच फोटो काढ, ती शाई महिन्याभरात उडते.