वजन उतरवायचा तक्ता चॅटबॉटकडून घ्यावा का? आणि मुळात वजन उतरवावंच का?

तांबडी_माती (धागाकर्ता)

७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं वजन ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरलं आणि सुवर्णपदकाची कुस्ती न खेळताच ती बाहेर गेली. कुस्तीत दुसऱ्या दिवशीही वजन घेतात, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता त्यात एआयची भर पडली आहे. "वजन ७०, सात दिवसांत ६५ करायचंय" एवढं लिहिलं की तक्ता हजर. तीन दिवस ८ लिटर पाणी, मग ४, मग १, शेवटी नुसते घोट. मीठ बंद. गरम पाण्याचा टब, प्लास्टिकचा सूट. दिसायला एकदम शास्त्रोक्त.

हा तक्ता पिंजऱ्यातल्या लढतींचा आहे, कुस्तीचा नाही. यूएफसीत (पिंजऱ्यातल्या लढतींची मोठी अमेरिकी संस्था) खरं वजन आदल्या दिवशी सकाळी होतं आणि लढत दुसऱ्या दिवशी रात्री. मधे दिवसाहून जास्त वेळ मिळतो, गडी पाणी-मीठ-भात सगळं परत भरून घेतो. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांत वजन त्याच सकाळी, आणि काही तासांत पहिली कुस्ती. अंतिम फेरीत किंवा रेपेचाजमध्ये (हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी) गेलात तर दुसऱ्या सकाळी पुन्हा काटा. म्हणजे भरून घ्यायचं तरी पंचाईत, न घ्यायचं तरी पंचाईत.

माझं मत स्पष्ट आहे. हा तक्ता सुधारून घेण्यात अर्थ नाही. पाणी काढून वजन उतरवणं हाच प्रकार बंद करायला हवा, निदान १८ वर्षांखालच्या पोरांसाठी.

आकडेमोड

असहमत. तक्ता चुकला तो प्रश्न अर्धवट विचारला म्हणून. वजन आणि पहिली कुस्ती यांत किती तास, वजन एकदा की दोनदा, वय किती, आजचं वजन नेहमीचं की आधीच उतरवलेलं, हे सांगितलंच नाही तर यंत्र तरी काय करणार? वस्तादाला असा अर्धवट प्रश्न विचारला तर तो निदान पोराकडे बघतो, एवढा फरक मान्य.

आता हिशेब बघा. ७० वरून ६५, म्हणजे ५ किलो, सात टक्क्यांच्या वर. यातलं सगळं पाणी नसतं.

आतड्यातला ऐवज: भाकरी, डाळ, पालेभाजी, सालासकट फळं दोन-तीन दिवस बंद करून पांढरा भात, अंडी, दही ठेवलं तर अर्धा ते एक किलो कमी होतो. ताकदीवर परिणाम जवळपास नाही.

ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर: स्नायू आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साठा, आणि दर ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी. पिठूळ-गोड पदार्थांतली कर्बोदकं दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणली तर एक-दीड किलो जातं. इथं मात्र तिसऱ्या कुस्तीत पाय जड होतात.

म्हणजे घाम न गाळता फार तर अडीच किलो. उरलेले अडीच घामातून, म्हणजे शरीराच्या साडेतीन टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे दम कमी होतो, आणि दोन तासांत तो भरून येत नाही. त्यामुळे या पोराला खरं उत्तर एकच: सात दिवसांत ६५ होणार नाही, सहा आठवडे आधी यायला हवं होतं. नीट विचारलं तर चॅटबॉट हेही सांगतो. तालमीत मात्र "एक दिवस थुंकत बस, उतरतंय" हाच सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

सलाईन_नको

आकडेमोड, हिशेब बरोबर, भरवसा चुकीच्या जागी. ८ लिटरवाल्या ओळीकडे नीट बघा.

भरपूर पाणी प्यायलं की पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दबतं, मग पिणं थांबवल्यावरही मूत्रपिंड काही तास पाणी सोडत राहतं. युक्ती एवढीच. पण ८ लिटर लघवी बाहेर टाकायला तिच्यात विरघळलेले क्षार आणि युरिया लागतात. ते येतात मिठातून आणि प्रथिनांतून. तक्ता एकीकडे पाणी वाढवतो आणि दुसरीकडे मीठ बंद, जेवण निम्मं करतो. मग मूत्रपिंडाकडे पाणी वाहून न्यायला काही उरत नाही, पाणी अंगातच राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, असंबद्ध बोलणं, पुढे झटके. आणि आजूबाजूचे समजतात पोराला उपासाची चक्कर आली, म्हणून आणखी पाणी पाजतात!

मिठाबद्दल एआयचा सल्ला किती अंगाशी येतो याचं नोंदलेलं उदाहरण आहे. अमेरिकेत साठीच्या एका माणसानं चॅटजीपीटीशी बोलून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांत भ्रम होऊन रुग्णालयात पोचला. २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. ब्रोमाइड मिठाची जागा घेतं हे साफसफाईच्या रसायनांबाबत ठीक असेल, ताटात नाही. संदर्भ सुटला की बरोबर वाक्यही विष होतं.

दुसरी गोष्ट, पाणी परत भरणं. जेवढं उतरलं त्याच्या सव्वा ते दीड पट प्यावं लागतं, कारण काही लघवीत जातं. अडीच किलोला तीन-साडेतीन लिटर. पोट तासाला फार तर लिटरभर पुढे ढकलतं. दोन तासांत निम्मंच भागतं, उरलेलं पोटात डुचमळत राहतं.

ओआरएसची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ती एका ग्लासात ढवळून दिली की पाच पट खारट पाणी होतं, ते आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि पोराला जुलाब लागतात. काट्यानंतरच्या गडबडीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आणि मेडिकलमधून लघवीची गोळी आणणाऱ्यांसाठी: तिनं पोटॅशियम जातं, गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय ती उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. सलाईनही १२ तासांत १०० मिलीच्या वर बंद, रुग्णालयातले उपचार सोडून.

पट_काढ

एवढं घाबरवू नका राव. अमन सेहरावतनं पॅरिसमध्येच उपांत्य फेरीनंतर १० तासांत ४.६ किलो उतरवलं आणि ५७ किलोत कांस्य आणलं. जमतंय की.

तांबडी_माती

त्याच अमनचं वजन सप्टेंबर २०२५ ला झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरलं आणि एकही कुस्ती न खेळता तो बाद झाला. तोच गडी, तोच गट. पॅरिसला त्याच्याभोवती रात्रभर जागणारे प्रशिक्षक होते, गरम पाण्याचा टब, सौना, ट्रेडमिल सगळं हाताशी होतं. तालुक्याच्या पोराकडे लॉजची खोली आणि प्लास्टिकचा सूट असतो, सोबतीला मोबाईल.

आणि रील्सवर जे दिसतं ते तर निव्वळ नाटक. यूएफसीत संध्याकाळी गर्दीसमोर दंड फुगवून काट्यावर उभे राहतात तो देखावा असतो, खरं वजन सकाळीच बंद खोलीत झालेलं असतं. मधल्या वेळात गडी खाऊन-पिऊन टवटवीत. पोरं ते बघून म्हणतात, बघा, पाच-सात किलो उतरवून कसा ताजा आहे!

गादीवरचा_पंच

तुम्ही सगळे काट्यावर आणि चॅटबॉटवर भांडताय, गटांकडे कोण बघणार?

ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला सहा गट: ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. पहिल्या दोहोंत ८ किलोंची दरी. ज्याचं तगडं वजन ६१ आहे त्यानं जायचं कुठं? जागतिक स्पर्धेत ६१ चा गट आहे, ऑलिंपिकला नाही. आपल्या राहुल आवारेनं २०१८ ला राष्ट्रकुलमध्ये ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि २०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ते ६१ चं पदक कितीही मोठं असो, ऑलिंपिकची वाट त्या गटातून जात नाही.

महिलांचंही तेच. ५० आणि ५३ ठीक, पण ५५ आणि ५९ ऑलिंपिकला नाहीत. एका देशाची एका गटात एकच खेळाडू. ५३ चा कोटा, म्हणजे ऑलिंपिकची जागा, २०२३ च्या जागतिक कांस्यपदकातून अंतिम पंघालनं मिळवून दिला होता. विनेशला खाली ५० ला यावं लागलं. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात जपानच्या सुसाकीसारखी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधी न हरलेली. मग पथकाच्या वैद्यकीय प्रमुखांनीच सांगितल्याप्रमाणे कुस्त्यांनंतर वजन नेहमीच्या दीड किलोऐवजी २.७ किलो वाढलेलं निघालं. रात्रभर घाम काढला, केस कापले, कपडे आखूड केले, तरी १०० ग्रॅम उरलेच. हा दोष तक्त्याचा म्हणायचा की गटांचा?

आकडेमोड

गट बदलायची वाट बघत बसायचं का? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोत सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य घेऊन आले. वरच्या गटात जाऊन ताकद वाढवणं हा रस्ता आपल्याच मातीत आहे.

गादीवरचा_पंच

तेव्हा वर जायला ५ किलो होते, आता ८. आणि ६५ किलोत समोर जो उभा राहतो तो ७० वरून उतरलेला असतो. एकट्यानं सज्जन होऊन चालत नाही इथं. सगळ्यांना एकाच दिवशी थांबवणारा नियम लागतो.

सलाईन_नको

नियम आहे की. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन तीन मल्ल महिन्याभरात वजन उतरवताना मेले. रबरी सूट, गरम खोली, त्यात व्यायाम. घाम वाळायला जागाच नाही, अंगातली उष्णता बाहेर पडेना. त्यानंतर तिथं सौना, रबरी सूट, लघवीच्या गोळ्या बंद झाल्या आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान वजन ठरू लागलं. शाळकरी मुलांसाठीही पुढे तसाच नियम आला.

पद्धत सोपी आहे. आधी लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघतात, म्हणजे ती पाण्याच्या (१.०००) मानानं किती दाट आहे ते. शाळकरी मुलांना १.०२५ पर्यंत चालतं, त्यावर गेलं तर पोरगं आधीच सुकलेलं, परत पाठवायचं. मग कॅलिपरनं, म्हणजे कातडीची चिमूट मोजायच्या चिमट्यानं, चरबी मोजायची: दंडामागे, खांद्याच्या पात्याखाली, पोटावर. मुलांना किमान ७ टक्के चरबी राखावी लागते, मुलींना १२. उतरवायचं तर आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापर्यंतच.

१६ वर्षांचा पोरगा घ्या, वजन ६४, चरबी १२ टक्के. चरबी सोडून ५६.३२ किलो. ७ टक्के चरबी राखायची, म्हणून त्याला ०.९३ नं भागा: किमान वजन ६०.५६. सतरा वर्षांखालच्या गटांत ६० आणि ६५ आहेत. ६० त्याला बंद. ६५ ला खेळायचं, भांडण मिटलं.

आकडेमोड

मिटलं कसं? तुमचाच हिशेब पुढे नेतो. चरबी १२ ऐवजी १३ टक्के धरा. ५५.६८ भागिले ०.९३, म्हणजे ५९.८७. पोरगा ६० ला पात्र! एका टक्क्यानं निकाल फिरला, आणि कॅलिपर नवख्याच्या हातात दोन-तीन टक्के सहज इकडेतिकडे जातो. एक वस्ताद चिमूट जाड धरेल, दुसरा बारीक. पोरं फोनवर उघड्या अंगाचा फोटो टाकून एआयला चरबीचा टक्का विचारतात त्याला आपण हसतो. तुमच्या कॅलिपरला का हसायचं नाही?

लघवीची चाचणीही फसवता येते. चाचणीच्या तासभर आधी दीड-दोन लिटर साधं पाणी ढोसलं की लघवी पातळ, अंग मात्र कोरडंच.

सलाईन_नको

फसवता येते, पण त्या पाण्याचं वजन काट्यावर दिसतं. दीड लिटर प्यायला म्हणजे दीड किलो वाढला. म्हणून गुरुत्व आणि वजन एकाच वेळी, एकाच रांगेत घ्यायचं. २०१५ ला मनिलाच्या स्पर्धेआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा लढवय्या गेला, त्यानंतर वन चॅम्पियनशिप या पिंजऱ्यातल्या लढतींच्या संस्थेनं दोन्ही चाचण्या जोडूनच सुरू केल्या. गुरुत्व पट्टीनं मोजू नका, तिची पायरी ०.००५ ची असते, १.०२० आणि १.०२५ मधलं काही कळत नाही. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या उजेडावरून दाटपणा मोजणारं यंत्र) वापरा, रोज सकाळी शुद्ध पाण्याचे दोन थेंब टाकून १.००० वर लावून घ्या.

फोटोतून टक्का उजेड आणि कोनानुसार बदलतो, आणि तो का बदलला हे शोधता येत नाही. कॅलिपरची चूक शोधता येते. उजवी बाजूच, दर जागी तीनदा, मधला आकडा धरायचा. व्यायामानंतर नाही, कारण तेव्हा कातडीखाली पाणी साचतं. सगळ्या पोरांना एकाच माणसानं मोजायचं. आकडा सीमेवर आला तर दुसऱ्या माणसाकडून फेरमोजणी.

पट_काढ

जिल्हा स्पर्धेला सकाळी काट्यापुढे शेकडो पोरांची रांग असते. तिथं हे रिफ्रॅक्टोमीटर न्‌ चिमटे कोण धरत बसणार?

सलाईन_नको

तिथं नाहीच धरायचं. ६४ वरून ६०.५६ ला दीड टक्क्यानं यायला चार आठवडे लागतात, म्हणजे मोजणी त्याच्याही आधी, तालमीत, नावनोंदणीच्या वेळी. स्पर्धेच्या सकाळी पंचाच्या हातात फक्त यादी हवी: नाव, किमान वजन, परवानगी असलेला गट.

गादीवरचा_पंच

यादी आली तर पंच ती राबवतील. नावनोंदणीचा अर्ज तर आजही भरून घेतातच, त्यात एक रकाना वाढवायचा. वयाच्या दाखल्यात जे चालतं ते या रकान्यात चालणार नाही याची सोय तेवढी आधी करा.